एपकॉटच्या टाकीत चाळीस मिनिटं: अनुभव, माहिती आणि तुमच्या शंका

पाणकणीस | ४ एप्रिल, रात्री ९.१२

मार्चमध्ये आम्ही फ्लोरिडाला गेलो होतो. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं पार्क आहे, तिथल्या मत्स्यालयाच्या टाकीत मी स्कूबा डाइव्ह केली. घरी परतल्यावर तीन मैत्रिणींनी तीन वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "टाकीत कसली डाइव्ह?" तिघींना फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

आधी टाकीबद्दल, कारण "टाकी" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. ही टाकी गोल आहे. व्यास २०३ फूट, म्हणजे सुमारे ६२ मीटर. खोली २७ फूट, म्हणजे आठ मीटरच्या थोडं वर. पाणी ५७ लाख गॅलन, आपल्या हिशेबात दोन कोटी पंधरा लाख लिटर. १५ जानेवारी १९८६ ला ती "द लिव्हिंग सीज" या नावाने उघडली. २००५ मध्ये अटलांटाचं जॉर्जिया अ‍ॅक्वेरियम सुरू होईपर्यंत अमेरिकेत एवढी मोठी समुद्री टाकी दुसरी नव्हती. आता तिचं नाव "द सीज विथ निमो अँड फ्रेंड्स" असं आहे. ऑर्लँडो समुद्रापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे पाणी समुद्रातून आणलेलं नाही. गोड्या पाण्यात मीठ आणि क्षार मिसळून ते तिथेच बनवलेलं आहे. आतलं प्रवाळही कृत्रिम आहे. मासे, कासवं, पाकटी (चपटे रे मासे) आणि मोऱ्या (शार्क) मात्र खऱ्या.

या डाइव्हला ते "डाइव्हक्वेस्ट" म्हणतात. ओपन वॉटर कार्ड, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स केल्याचं कार्ड लागतं, त्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. हवेचा सिलिंडर, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), वेटसूट, फिन (पायात घालायचे पंखे) सगळं तेच देतात. मी फक्त माझ्या चष्म्याच्या नंबरचा मास्क नेला होता. स्वतःचा कॅमेरा आत नेता येत नाही. पाण्यातला वेळ चाळीस मिनिटं, पण मागच्या भागाची फेरी, सूचना, कपडे बदलणं धरून अर्धा दिवस गेला असं समजा. दर आणि तारखा बदलत असतात, त्या त्यांच्या संकेतस्थळावर बघाव्यात.

मी डाइव्हिंग शिकले ते नॉर्थ कॅरोलिनात, पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडाच्या खाणीत. पाणी हिरवं, गार, तळाशी बुडवून ठेवलेली एक जुनी बस. सात मिलिमीटरचा सूट घालूनही दात वाजायचे, आणि हात लांब केला तर बोटं धूसर दिसायची. त्यामुळे इथे आखूड बाह्यांचा पातळ सूट घालून पंचविसेक अंशांच्या पाण्यात शिरले आणि खाली डोकं घातलं, तेव्हा क्षणभर पाणी आहे हेच जाणवलं नाही. टाकीची पलीकडची भिंत दिसत होती! मी हवेत लटकते आहे असं वाटून पोटात गोळा आला आणि हात आपोआप बीसीडीच्या बटणाकडे गेला.

वजनाचं एक सांगते, शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल. खाणीत जाड सूट असल्यामुळे कमरेला बरंच शिसं लागायचं. पातळ सूट कमी तरंगतो, म्हणून वजन कमी करावं लागतं. पण खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त वर ढकलतं, म्हणून पुन्हा थोडं वाढवावं लागतं. मी माझ्या लॉगबुकातला खाणीचा आकडा सांगितला, तर तिथल्या डाइव्हमास्टरने (डाइव्ह नेणाऱ्या मार्गदर्शकाने) तो बाजूला ठेवला आणि पृष्ठभागावर तरंगायला लावून, श्वास सोडायला लावून नव्याने वजन ठरवलं. तेवढ्या दोन मिनिटांमुळे पुढची चाळीस मिनिटं मला तळाशी आपटावं लागलं नाही की वर उचललं जावं लागलं नाही.

पहिला काही वेळ सगळे रांगेने मार्गदर्शकाच्या मागे. मग बडीबरोबर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराबरोबर, मोकळं सोडतात. बाकीचे मोऱ्यांच्या मागे गेले. मी एका कृत्रिम खडकाच्या कडेला गुडघे टेकून एका ठिपक्यांच्या पाकटीकडे बघत बसले. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, चाबकासारखी लांब शेपटी, बदकासारखं पुढे आलेलं तोंड. ती पोहत नाही, पंख हलवत उडते. माझ्यापासून दोन हातांवरून गेली, वळली, परत आली. मी तिच्या पोटाखालच्या कल्ल्यांच्या फटी मोजल्या, एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. समुद्रात हे कधी जमलं असतं? तिथे प्रवाह असतो, हवा संपत असते, डाइव्हमास्टर पुढे निघालेला असतो, आणि मासा तर क्षणात दिसेनासा होतो. इथे ती दर चार-पाच मिनिटांनी माझ्याकडे येत राहिली आणि मी तिची ओळख करून घेत राहिले.

आता खरं सांगायचं ते. माझी आई सध्या आमच्याकडे आली आहे. ती देवगडकडची. तिच्या माहेरी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती. लहानपणापासून ती किनाऱ्यावर मासळी निवडायला बसली, पुढे बाजारात पाटी घेऊन बसली. पण समुद्रात गुडघ्याच्या वर कधी उतरली नाही. बायकांनी उतरायचं नसतं, एवढंच तिला माहीत. मी डाइव्हिंग शिकले तेव्हा सहा महिने तिला सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी ती आणि माझा नवरा बाहेर काचेपाशी उभे होते. मी पोहत काचेजवळ गेले. बाहेर शिंपल्याच्या आकाराच्या गाड्यांमधून लोक जात होते, मुलं हात हलवत होती, मी त्यांना हात करत होते आणि आईला शोधत होते. ती दिसली. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. काचेला तळवा टेकून ती माझ्या डोक्यावर बघत होती. मी मान वर केली, तर एक मोरी सावकाश माझ्यावरून चालली होती.

बाहेर आल्यावर आईचं पहिलं वाक्य, "बगलंस काय गो ती मोरी? कशी मुकाट्यान जाय होती." मग बराच वेळ गप्प. रात्री जेवताना म्हणाली, साठ वर्षं मी मोरी बघते आहे, पण डोळा हलताना आज पहिल्यांदा बघितला.

तिने आयुष्यभर मासे पाटीतच बघितले होते. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

टाकीत कसली डाइव्ह, या प्रश्नाला माझ्यापुरतं हे उत्तर. शंका असतील तर विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगते.

घाटमाथा | ४ एप्रिल, रात्री १०.३१

शेवट वाचून काही वेळ पुढे सरकता आलं नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आम्ही जूनमध्ये ऑर्लँडोला जाणार आहोत. दोन शंका आहेत. मी आणि मुलीने डिसेंबरात मालवणला स्कूबा केलं आहे, प्रमाणपत्रही मिळालं आहे. ते चालेल का? आणि मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला घेतील का?

पाणकणीस | ४ एप्रिल, रात्री १०.५८

घाटमाथा, मालवणला किल्ल्याजवळ जे करतात ती अनुभव-डाइव्ह असते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, तुमची हवा आणि तरंगणं तोच सांभाळतो. त्याचा कागद आठवण म्हणून छान, पण ते डाइव्हरचं कार्ड नव्हे. त्यावर इथे उतरवणार नाहीत.

कार्डासाठी ओपन वॉटरचा कोर्स करावा लागतो. पुस्तकी अभ्यास, तलावातला सराव आणि मग खुल्या पाण्यात चार डाइव्ह. मास्क पाण्याने भरला तर तो खालीच रिकामा करणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधून परत लावणं, बडीची हवा संपली तर आपली देणं, हे सगळं त्यात हातात बसवतात. तारकर्लीला एमटीडीसीची डाइव्हिंग संस्था आहे, तिथे खोल प्रशिक्षण तलाव आहे आणि हा कोर्स होतो. अमेरिकेत येऊन करण्यापेक्षा तिथे करणं तुम्हाला सोयीचं.

मुलीचं म्हणाल तर पाडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेचं ज्युनियर कार्ड दहाव्या वर्षापासून मिळतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरच्या खाली जाता येत नाही आणि सोबत कार्ड असलेले आई-वडील किंवा प्रशिक्षक लागतात. टाकी आठ मीटरचीच आहे. म्हणजे दोघांनी कार्ड काढलं तर दोघांनाही उतरता येईल. मी गेले तेव्हा आमच्या गटात एक बारा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर होता. आमच्यातला सगळ्यात शांत डाइव्हर तोच.

श्रवण | ५ एप्रिल, सकाळी ७.२०

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि स्वतः डाइव्ह करतो. घाटमाथा यांचा प्रश्न वाचला म्हणून हे लिहितो आहे.

टाकी आठ मीटरच आहे, मग काय होणार, असा समज मी फार वेळा ऐकतो. डाइव्हिंगमध्ये दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, दहा मीटरवर दोन. म्हणजे पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट. पुढच्या दहा मीटरांत तो दोनाचा तीन होतो, म्हणजे दीडपटच. आठ मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून कुणी वर आला, तर तीच हवा जवळपास पावणेदोनपट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनी, श्वास रोखून, साधारण सव्वा मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणून पहिला नियम एकच. श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीत नाही, तलावात नाही, कुठेही नाही.

दुसरं कान. खाली जाताना बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशातून मधल्या कानाकडे जाणाऱ्या नळीतून हवा आत जाते आणि दाब सारखा होतो. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं. पहिल्या मीटरापासून, दुखायच्या आत, पुन्हा पुन्हा करायचं. एकदा दुखायला लागलं की ती नळी आवळली जाते. मग जोर लावून उपयोग नाही, उलट आतल्या कानाला इजा होऊ शकते. अर्धा मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा. नाहीच झालं तर डाइव्ह सोडा. पैसे भरलेत म्हणून रेटू नका.

सर्दी असेल तर उतरू नका. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणारे बरेच भेटतात. गोळीचा असर पाण्यातच संपला तर वर येताना आतली हवा अडकते, आणि ते उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट. दमा असेल, पूर्वी कधी फुप्फुसातून हवा गळती झाली असेल, फिट येत असतील, तर आधी डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. तिथे आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात खोटं लिहू नका.

आणि विमान. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा आहे की एकच साधी डाइव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान बारा तास, आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्हिंग झालं असेल तर किमान अठरा तास थांबावं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान असं ठेवू नका.

पाणकणीस | ५ एप्रिल, सकाळी ८.०५

डॉक्टर, मनापासून आभार. कानाचं मी भोगलं आहे. शिकत असताना एका प्रशिक्षकाने घाई केली, गट खाली गेला आहे म्हणून मला दोरीने भरभर उतरवलं. कान खुला होत नव्हता आणि मी खुणेने सांगायला लाजले. आठ दिवस डाव्या कानाने सगळं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. आता मी सरळ तळवा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवते आणि थांबते. गट थांबतो. थांबायलाच हवं.

वाळवंटातलीशिंपली | ५ एप्रिल, दुपारी १.४४

मी दुबईत राहते. इथल्या मॉलमधल्या टाकीत डाइव्ह केली आहे, म्हणून तुलना करावीशी वाटली. ती टाकी एक कोटी लिटरची, म्हणजे तुमच्या एपकॉटच्या निम्म्याहून कमी. पण तिची पुढची पारदर्शक भिंत बघण्यासारखी आहे. जवळपास तेहतीस मीटर रुंद, आठ मीटरहून उंच आणि पाऊण मीटर जाड. ही काच नसून अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक आहे. काच एवढी जाड केली तर हिरवट दिसते, अ‍ॅक्रिलिक स्वच्छ राहतं आणि तुकडे एकमेकांना असे जोडता येतात की सांधा दिसत नाही.

आतून बघताना मला फार वेगळं वाटलं होतं. समोर दुकानं, हातात पिशव्या घेतलेली माणसं, कडेवरची बाळं. आवाज काहीच नाही, फक्त आपल्या श्वासाचा आणि बुडबुड्यांचा. एक म्हातारे काका एकटेच बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. मी हात केला. त्यांनी उठून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. ते कुठले, कोण, मला कधीच कळणार नाही.

तुमच्या आईंचं वाचून ते काका आठवले.

रानवाटा | ५ एप्रिल, रात्री ८.१९

लेख उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण एक बाजू इथे कुणीच मांडली नाही, म्हणून मांडतो. ती पाकट दर चार-पाच मिनिटांनी परत येत होती असं तुम्ही लिहिलंत. ती परत येत होती, कारण तिला जायला दुसरी जागा नव्हती. समुद्रात तिने किती अंतर कापलं असतं?

जॉर्जिया अ‍ॅक्वेरियमचा उल्लेख आला आहे. त्यांच्या मोठ्या टाकीत ६३ लाख गॅलन पाणी आहे आणि व्हेल शार्क ठेवले आहेत. २००७ मध्ये त्यातले दोन काही महिन्यांच्या अंतराने मेले. २०२० मध्ये आणखी एक, २०२१ मध्ये आणखी एक. बारा मीटरहूनही जास्त वाढू शकणारा, महासागर ओलांडणारा जीव. त्याला कितीही मोठी टाकी द्या, ती लहानच. तिथेही पैसे भरून त्यांच्याबरोबर पोहता येतं, डाइव्ह करता येते. मला ते पटत नाही. आपण पैसे भरतो म्हणून टाकी भरलेली राहते.

पाणकणीस | ६ एप्रिल, सकाळी ६.५०

रानवाटा, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि उत्तर सकाळवर ठेवलं, कारण मला नीट विचार करायचा होता.

व्हेल शार्कबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. मी जॉर्जियाला ती डाइव्ह केलेली नाही, करणारही नाही. त्यांचे मासे तैवानहून आणलेले होते, तिथे तेव्हा त्यांची खाण्यासाठी मासेमारी चालायची. ते जाळ्यातच गेले असते असं समर्थन दिलं जातं. तैवानने २००८ पासून ती मासेमारी बंद केली, त्यामुळे ते समर्थनही आता उरलेलं नाही. आपल्याकडे २००१ मध्येच व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वेरावळला त्याची मोठी शिकार व्हायची. तिथे त्याला "व्हाली" असं लाडकं नाव देऊन, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हणून प्रचार केला, आणि त्याला मारणारे कोळीच जाळी कापून त्याला सोडू लागले. कुठल्याही टाकीपेक्षा हे मोठं काम आहे, हे मला मान्य.

पाकटीचं तुम्ही लिहिलेलं वाक्य मला लागलं. ते खरं आहे. मी त्या वेळी फक्त माझा आनंद बघत होते.

तरी मी सगळ्या टाक्यांना एका मापाने मोजणार नाही. कोणता जीव ठेवला आहे, कुठून आणला, तिथे त्याची पिल्लं होतात का, हे विचारून मग ठरवावं. खडकाच्या एका कपारीत आयुष्य काढणारा मासा आणि महासागर ओलांडणारा मासा सारखे नाहीत. याच एपकॉटच्या इमारतीत जखमी झालेले मॅनटी (समुद्रगाई) आणून, बरे करून परत नदीत सोडण्याचंही काम झालं आहे. फ्लोरिडात होड्यांच्या पात्यांनी त्यांच्या पाठी चिरल्या जातात.

आणि आई. ती सत्तर वर्षांची आहे, पोहता येत नाही, गुडघे दुखतात. ती कधीही डाइव्ह करणार नाही. तिला जिवंत मोरी दाखवायची असेल तर माझ्याकडे त्या काचेशिवाय दुसरा मार्ग नव्हता. याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, मला कळतं. पण दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी आहेत, आणि त्यातली एक खोडून टाकणं मला जमत नाही.

रानवाटा | ६ एप्रिल, सकाळी ९.३३

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. जीव कुठून आणला हे विचारून ठरवावं, हा मुद्दा मला मान्य. काका-काकूंना प्राणिसंग्रहालयात नेताना मीही यापुढे तो प्रश्न विचारेन.

किनारपट्टी | ६ एप्रिल, सायंकाळी ६.१५

मी मालवणचा, दहा हंगाम पर्यटकांना पाण्यात नेतो आहे. मूळ धंदा मासेमारीचा, वडिलांची होडी अजून आहे.

पहिल्यांदा एक दुरुस्ती, तुमच्यापैकी कुणी चुकलं म्हणून नाही, पण आमच्याकडे येणारी दहातली आठ माणसं विचारतात, "ऑक्सिजन किती वेळ पुरेल?" सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, गाळून, सुकवून, दोनशे बारच्या आसपास दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली घेतला तर फिट येऊ शकते. तेव्हा टाकीतही, समुद्रातही, हवाच.

आता समुद्राच्या बाजूने सांगतो. आमचं पाणी एपकॉटसारखं दिसणार नाही. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचे फिन दिसत नाहीत. पावसाळ्यात सगळं बंद. ऑक्टोबर उलटला की पाणी निवळायला लागतं, डिसेंबर-जानेवारी उत्तम. पण त्या गढूळ पाण्यात खडकाच्या कपारीतून गोबरा मासा तोंड काढून बघतो ना, तो त्याच्या मर्जीने बघतो. मर्जी नसली की आत जातो. रानवाटा म्हणतात ते हेच असावं.

मात्र एक गोष्ट पाणकणीस ताईंच्या बाजूची. माझ्या आईनेही मासा पाटीतच बघितला. माझ्या आजीनेही. आमच्या वाडीत स्कूबाची कामं आली, तेव्हा पोरगे शिकले. आता दोन-तीन मुलीही शिकल्या आहेत. त्यातली एक पहिल्यांदा पाण्याखालून वर आली आणि तिने काय म्हणावं? "दादा, खालती माशे बाजारापेक्षा रंगीत आसत." पाण्याबाहेर काढल्यावर माशाचा रंग उतरतो, हे आम्हाला ठाऊक. तिला तोपर्यंत उतरलेलाच रंग माहीत होता.

पाणकणीस | ६ एप्रिल, रात्री ९.०२

किनारपट्टी दादा, हे आईला वाचून दाखवलं. तिने तुमची वाडी कोणती ते विचारलं आहे. सांगायचं नसेल तर राहू दे, पण ती रात्रभर अंदाज बांधत बसणार आहे.

रंगाबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून आणखी एक. पाणी तांबडा रंग आधी खातं. आठ मीटरवरही तांबडं थोडं तपकिरी दिसायला लागतं. शिवाय मास्कमुळे वस्तू जवळपास एक तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. मी बाहेर येऊन सगळ्यांना "ती मोरी माझ्याहून लांब होती" असं सांगत होते. तिथल्या डाइव्हमास्टरने खरी लांबी सांगितली, ती माझ्या खांद्यापर्यंतच्या उंचीएवढी भरली. काचेबाहेरून आईने लावलेला अंदाज मात्र जवळपास बरोबर निघाला. साठ वर्षं वजनकाट्यावर बसल्याचा हिशेब.

घाटमाथा | १९ एप्रिल, रात्री १०.११

धागा वर काढतो आहे. घरी चर्चा झाली. जूनच्या सहलीत डाइव्ह नाही. मुलीने स्वतः ठरवलं, आधी शिकायचं. नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीत कोर्ससाठी आम्हा दोघांची चौकशी केली आहे. जूनमध्ये एपकॉटला काचेच्या बाहेरूनच बघू. किनारपट्टी दादा, तुमच्याकडेही येऊ.

पाणकणीस, एक छोटी शंका. मुलीला उणे तीनचा चष्मा आहे. मास्कचं काय करायचं?

पाणकणीस | १९ एप्रिल, रात्री १०.४०

फार छान. उणे तीन असेल तर तयार नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या फरकाने. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर डावी-उजवी काच वेगळी बसवून घ्या. त्यासाठी आधी दोन काचांचा, मधे पट्टी असलेला मास्क निवडावा लागतो, एकसंध काचेच्या मास्कात त्या बसत नाहीत.

मास्क घेताना पट्टा मागे न लावता तो चेहऱ्यावर नुसता टेकवायला सांगा आणि नाकाने हलकं ओढायला सांगा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तिच्या चेहऱ्याचा. केसाची एक बटही खाली अडकू देऊ नका. नवीन मास्कच्या आतल्या बाजूला कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर काच सारखी धुरकट होते. नंबरची काच घासू नका, फक्त साधी असेल तरच.

नोव्हेंबरच्या आत तो मास्क घालून तिला बादलीत तोंड घालून श्वास घ्यायला लावा, स्नॉर्कल लावून. मीही तसंच सुरू केलं होतं, न्हाणीघरात.